वाद जमिनीचाच होता, म्हणून काय?

‘वाद जमिनीचा होता, जातीचा नव्हता.’ ॲट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपीचा वकील हे म्हणतो त्यात वावगं काही नाही. अशिलाला सोडवणं हे त्याचं कामच आहे. पण हे वाक्य आता कोर्टाच्या पायऱ्या उतरून संपादकीय पानांवर आणि चॅनेलच्या चर्चांत पोचलं आहे. एरवी जातपात न मानणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडीही ते बसलं आहे. त्यामागचा युक्तिवाद, तो मांडणाऱ्यांवर अन्याय न करता सांगायचा तर असा: द्वेषाचा गुन्हा म्हणून जास्त शिक्षा द्यायची असेल तर द्वेष सिद्ध करा. मारणाऱ्याने जातीसाठी मारलं हे दाखवा. ते दाखवता येत नसेल तर मारहाणीला मारहाणीचं कलम आहे, खुनाला खुनाचं आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा पुरावाच काढून टाकला आणि ‘जात ठाऊक होती’ एवढ्यावर जन्मठेप ठेवली. म्हणजे माणसाला कृत्याबद्दल नाही, त्याच्या माहितीबद्दल शिक्षा.

ऐकायला बिनतोड वाटतं. मला ते एक जागा सोडून साफ चुकीचं वाटतं. त्या जागेकडे पुढे येतोच, कारण ती टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल.

आधी खैरलांजी. या युक्तिवादाची किंमत महाराष्ट्राने तिथे मोजली आहे. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात आई, मुलगी आणि दोन मुलगे अशी चार माणसं जमावाने मारली. वडील तेवढे वाचले. घर बौद्धांचं, शेती स्वतःची, मुलं शिकणारी. शेतातून जाणाऱ्या वाटेवरून गावातल्या काहींशी जुनी कुरबुर होती. त्यात जवळच्या गावच्या पोलीस पाटलाला झालेल्या मारहाणीत या मायलेकींनी आरोपींना ओळखलं. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे हत्याकांड झालं. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. निकालाचं स्वागत झालं. त्या गोंगाटात एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून निसटली, ती म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं टिकली नव्हती. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. तिथेही निष्कर्ष तोच राहिला: हे सूडाने घडलं, जातीमुळे नाही.

सूड होता हे मला मान्य आहे. कशाचा सूड? साक्षीचा. आता एवढाच विचार करा, की पोलीस पाटलाला मारणाऱ्यांची नावं त्या पंचक्रोशीतल्या एखाद्या तालेवार घरातल्या बाईने घेतली असती तर? राग आलाच असता. आरोपींनी चांगला वकील दिला असता, त्या घराशी बोलणं तोडलं असतं, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उट्टं काढलं असतं. मायलेकरांना घरातून ओढून काढायला जमाव मात्र जमला नसता. राग कुणाचाही कुणावरही येतो. त्या रागाचं पुढे काय करायचं हे समोरच्याची गावातली पायरी बघून ठरतं. जातीचं काम तिथे असतं. जात भांडण लावतेच असं नाही. भांडण कुठवर न्यायला हरकत नाही, हे ती सांगते. आपल्याला कोणी अडवणार नाही, गाव तोंड उघडणार नाही, ठाण्यात फिर्याद घ्यायला दोन दिवस लागतील, हा जो हिशेब मारणाऱ्याच्या मनात न बोलता झालेला असतो, त्या हिशेबाचं नाव जात.

तेव्हा ‘त्याला राग का आला’ हा प्रश्न विचारणारा कायदा चुकीचा प्रश्न विचारतो. ‘याच माणसाशी असं वागायला तो धजला कसा’ हा खरा प्रश्न आहे.

आणि जमीन काय जातीबाहेरची आहे? महाराष्ट्रातल्या दलितांकडे जी जमीन आहे तिच्यात महार वतनाच्या जमिनी आल्या, गायरानावरची अतिक्रमणं आली, सरकारने दिलेले तुकडे आले, आणि फार थोड्यांनी पोटाला चिमटा काढून विकत घेतलेली शेती आली. यातल्या एकेका प्रकाराला गावातल्या जुन्या व्यवस्थेचा विरोध आहे. गायरानावर बौद्ध वस्तीने ज्वारी पेरली आणि ती रात्रीत गुरं घालून चारली, तर तो ‘जमिनीचा वाद’ खराच. पण गायरान कोणाच्या गुरांचं आणि पीक कोणाचं, हे न विचारता हा वाद समजणार कसा? पाण्याचं तेच, रस्त्याचं तेच, मिरवणुकीचं तेच. जात हवेत तरंगत नाही. ती बांधावर, पाणवठ्यावर, वरातीच्या घोड्यावर आणि स्मशानाच्या वाटेवरच दिसते. बांधावरचा वाद वेगळा काढून ठेवला तर जातीचा म्हणून कोणता वाद शिल्लक राहतो, हे या युक्तिवादवाल्यांनी एकदा सांगावं.

कोर्टात हे प्रत्यक्ष कसं घडतं ते बघण्यासारखं आहे. फिर्यादी पिंजऱ्यात उभा असतो. उलटतपास सुरू होतो आणि टंकलेखक उतरवत जातो: ‘हे म्हणणे खरे आहे की, माझी व आरोपीची शेती लागून आहे. हे म्हणणे खरे आहे की, आमच्यात बांधावरून वाद होता. हे म्हणणे खरे आहे की, सदर वादाबाबत माझा तहसील कार्यालयात अर्ज प्रलंबित आहे. हे म्हणणे खरे नाही की, त्या रागापोटी मी खोटी फिर्याद दिली आहे.’ पहिली तीन वाक्यं त्या माणसाने प्रामाणिकपणे दिलेली असतात. शपथेवर खोटं कशाला बोलायचं? पण जुन्या मोजमापाखाली त्या तीन ‘खरे आहे’मध्ये खटला संपलेला असायचा. वाद कबूल, म्हणजे हेतू मिळाला. हेतू मिळाला, म्हणजे जात गेली. खोटं बोलणाऱ्या फिर्यादीला ही परीक्षा तुलनेने सोपी होती. खरं बोलणारा नापास होत होता.

जुनं मोजमाप नेमकं काय होतं? १९८९ च्या मूळ कायद्यात कलम ३(२)(५) असं सांगत होतं की दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा, समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ केला, तर जन्मठेप. ‘या कारणावरून’ या दोन शब्दांनी पंचवीस वर्षं या कलमाला दार बंद ठेवलं. २००६ साली दिनेश ऊर्फ बुद्धा विरुद्ध राजस्थान या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे जी पीडिता होती ती सुमारे आठ वर्षांची मुलगी होती. बलात्कार सिद्ध झाला. जातीच्या कारणावरून झाला याचा पुरावा नाही म्हणून जन्मठेप उतरली आणि दहा वर्षं राहिली. हा पुरावा कसा असायला हवा होता, हे मला आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही. आठ वर्षांच्या पोरीवर हात टाकणारा आधी स्वतःचं समाजशास्त्रीय निवेदन करतो काय? त्याच सुमारास रामदास विरुद्ध महाराष्ट्र या आपल्याकडच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की पीडिता अनुसूचित जातीची आहे एवढ्याने हा कायदा लागत नाही. तो दाखला पुढे राज्यातल्या कितीतरी अर्जांत आणि युक्तिवादांत चिकटवला गेला.

विरोधक इथे म्हणतील की आता न्यायालयं बदलली आहेत. काही अंशी खरं आहे. एप्रिल २०२१ मध्ये पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. पीडिता जन्मापासून अंध, तरुण, अनुसूचित जातीची. तिच्यावरचा अत्याचार ती स्त्री म्हणून की अंध म्हणून की दलित म्हणून, असे कप्पे पाडता येत नाहीत. ‘या कारणावरून’चा अर्थ ‘केवळ या कारणावरून’ असा लावू नये, असं न्यायालयाने लिहिलं. उत्तम. आणि त्याच निकालात, घटना दुरुस्तीपूर्वीची असल्याने आणि जातीच्या कारणाचा स्वतंत्र पुरावा नोंदीवर नसल्याने, ॲट्रॉसिटीची शिक्षा रद्द झाली. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली म्हणून आरोपीला फरक पडला नाही. कायद्याला पडला. मोजमाप चुकीचं असलं की चांगला न्यायाधीशही चांगली कारणमीमांसा लिहून आधीच्याच मुक्कामाला पोचतो.

म्हणून २०१५ साली संसदेने दुरुस्ती केली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ‘या कारणावरून’च्या जागी ‘ठाऊक असताना’ आलं. शिवाय आठव्या कलमात भर पडली: आरोपीची पीडित व्यक्तीशी किंवा तिच्या कुटुंबाशी ओळख असेल तर जात ठाऊक होती असं न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध होईपर्यंत. विरोधकांना हे आकाश कोसळल्यासारखं वाटतं. पण ही कल्पना नवी नाही. १९५५ च्या अस्पृश्यता विरोधी कायद्याचं, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं बारावं कलम वाचा. त्या कायद्याखालचा गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला असेल तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असं न्यायालय गृहीत धरेल, आरोपीने उलट सिद्ध करेपर्यंत. संविधान लागू होऊन पाच वर्षं झाली होती, घटना समितीत बसलेली कितीतरी माणसं संसदेत होती. मनातलं कारण शोधायला गेलं तर काहीच हाती लागणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९८९ चा कायदा त्यापेक्षा कडक म्हणून मिरवला गेला आणि नेमकं हे गृहीतक सर्वांत जड कलमातून गळालं. दुरुस्तीने १९५५ मधलं शहाणपण अर्धंमुर्धं परत आणलं, एवढंच.

‘निर्दोष मानण्याच्या तत्त्वाचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. गुन्हा झाला आणि याच माणसाने केला, हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करावंच लागतं. त्यात तसूभर सूट नाही. गृहीतक लागतं ते त्यानंतर. हुंडाबळीच्या कलमात हेच आहे: लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेचा अनैसर्गिक मृत्यू, मृत्यूपूर्वी हुंड्यासाठी छळ, एवढं दिसलं की जबाबदारी सासरवर जाते. १९८६ पासून हे चालू आहे. चार भिंतींआड काय घडलं याचा साक्षीदार मिळत नाही, म्हणून समाजाने तो भार हलवला. गावाच्या वेशीआड काय घडलं याचे साक्षीदार मिळतात, पण ते बोलत नाहीत. मग भार हलवायला इथेच एवढी कुरकुर का?

ही नड एकट्या भारताची नाही. २०११ साली अमेरिकेत ओहायो राज्यात आमिश पंथातल्या एका गटाने विरोधातल्या आमिशांच्या घरांत शिरून पुरुषांच्या दाढ्या आणि बायकांचे केस कापले. त्या पंथात दाढी हा धर्माचा भाग. द्वेषमूलक गुन्ह्याच्या कायद्याखाली सोळा जण दोषी ठरले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. ज्युरीला सांगितलं होतं की धर्म हे ‘महत्त्वाचं कारण’ असलं तरी पुरे. अपील न्यायालय म्हणालं, धर्म नसता तर हे घडलंच नसतं असं सिद्ध करायला हवं होतं, कारण भांडणं घरगुतीही होती. ही व्याख्या न्यायालयाने उचलली होती हेरॉइनने झालेल्या एका मृत्यूच्या खटल्यातून! दाढी कापायला कौटुंबिक कारण, खैरलांजीला सूडाचं कारण, पळवाट तीच. इंग्लंडने १९९८ च्या कायद्यात हे ओळखलं होतं. तिथे वांशिक वैरभाव हा ‘पूर्णतः किंवा अंशतः’ हेतू असला तरी चालतो, आणि गुन्ह्याच्या वेळी किंवा लगेच आगेमागे तो वैरभाव उघड दाखवला तर हेतू शोधायचीही गरज राहत नाही.

आता आक्षेपांतला सर्वांत वजनदार. ‘गावात कोणाची जात कोणाला ठाऊक नसते? मग प्रत्येक गुन्हा ॲट्रॉसिटी होणार.’ हे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कायदा वाचलेला असतो. साधी मारहाण, वाट अडवणं, धमकी, बेकायदा घुसखोरी असे गुन्हे परिशिष्टात आहेत, आणि त्यांना दुरुस्तीने जी शिक्षा ठेवली ती दंड संहितेतलीच, वर दंड. एक दिवसही वाढीव नाही. फरक पडतो तो तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करत नाही यात, विशेष न्यायालयात, पीडिताला मिळणाऱ्या अर्थसाहाय्यात आणि अटकपूर्व जामिनाच्या बंदीत. त्यातली जामिनाची बंदीही सरसकट नाही: सकृद्दर्शनी गुन्हा दिसत नसेल तर जामीन देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

उरतं ते कलम ३(२)(५). आणि इथे माझी सहमतीची जागा येते. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत खून आणि बलात्कार आहेत, तसंच बनावट दस्तऐवजही आहे. समजा, दोन भागीदार आहेत, एक अनुसूचित जातीचा. दुसऱ्याने त्याच्या नावाचं बनावट खरेदीखत केलं. जात अर्थातच ठाऊक आहे. कायद्याचा शब्द पाळायचा तर शिक्षा जन्मठेप, आणि न्यायाधीशाला त्याखाली यायची मुभा नाही. हे मला पटत नाही. अशी अवाजवी शिक्षा फिर्यादीच्याही मुळावर येते: समोर एवढंच एक पान असलं की न्यायाधीश ते पान न उघडण्याचं कारण शोधतो. माझं म्हणणं असं की ‘ठाऊक असताना’ सिद्ध झालं की जातीशी संबंध गृहीत धरावा, जसा १९५५ मध्ये धरला होता. आरोपीला तो खोडायची संधी द्यावी. आणि शिक्षेत जन्मठेप ही कमाल ठेवून खाली जायला जागा ठेवावी. त्याच भागीदाराने त्याच वर्षी स्वतःच्या भावकीलाही असाच गंडा घातला असेल तर त्याने ते कागद दाखवावेत आणि या कलमातून सुटावं, बनावटगिरीची शिक्षा भोगावी. पण ‘कायद्याची धार जास्त आहे’ म्हणून ‘या कारणावरून’ परत आणा, हे औषध रोगापेक्षा वाईट.

खोट्या केसेसचं काय? २० मार्च २०१८ च्या सुभाष काशिनाथ महाजन निकालाचा उल्लेख आल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. मूळ प्रकरण कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातलं. तिथल्या भांडारपालाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले, त्याने फिर्याद दिली, वरिष्ठांवर खटला चालवायची परवानगी संचालकांनी नाकारली, तेव्हा फिर्याद संचालकांवरही झाली. परवानगी नाकारणं हा अत्याचार नव्हे. ती एक फिर्याद रद्द झाली याबद्दल माझी तक्रार नाही. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. प्राथमिक चौकशी, अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी, असे सगळ्या देशाला लागू होणारे अडसर घातले आणि आधाराला आकडे दिले: २०१५ मध्ये निकाली निघालेल्या १५,६३८ खटल्यांपैकी ११,०२४ मध्ये आरोपी सुटले, ४९५ मागे घेतले गेले, ४,११९ मध्ये शिक्षा झाली. आकडे बरोबरच आहेत. त्यांतून ‘गैरवापर’ हा निष्कर्ष मात्र निघत नाही. २ एप्रिलचा भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ कलम घातलं, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच ते अडसर काढले. पण ‘शंभरातल्या सत्तर खोट्या’ हे गणित लोकांच्या डोक्यातून कोण काढणार?

सुटका म्हणजे खोटेपणा नव्हे, हे महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यातल्या साध्या हवालदारालाही कळतं. फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर ‘बी समरी’, चुकीच्या समजुतीतून किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘सी समरी’. दोषारोपपत्र गेलं म्हणजे पोलिसांना पुरावा दिसला होता. मग आरोपी का सुटतो? नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयात दोन निकाल काही दिवसांच्या अंतराने लागले. कोपर्डीच्या निर्घृण प्रकरणात तिघांना फाशी झाली. खर्ड्यात, २०१४ साली शाळकरी दलित मुलाला मारून लटकवल्याच्या खटल्यात, सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. कोपर्डीतली मुलगी मराठा समाजातली होती, आरोपी दलित. या कायद्याचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता. तरी त्या गुन्ह्यानंतरच्या २०१६ च्या मराठा मोर्चांत ॲट्रॉसिटीत बदल करा ही मागणी वर आली. खर्ड्याच्या निकालानंतर साक्षीदार संरक्षणासाठी कोणताही लाखांचा मोर्चा निघाला नाही.

खोटेपणाचा आणखी एक उगम आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. कायदा जातीचं ‘कारण’ मागतो म्हटल्यावर ठाण्यातला लेखनिक काय करतो? मारहाणीच्या फिर्यादीत तो एक वाक्य घालतो: अमुक जातीचे तुम्ही, फार माजलात, असं म्हणून जातिवाचक शिवीगाळ केली. शंभर फिर्यादींत तेच वाक्य, तेच क्रियापद, कधी कधी त्याच शुद्धलेखनाच्या चुका. फिर्यादीने कदाचित सांगितलंही नसेल. मारणाऱ्याने मुकाट्याने मारलं असेल. पण ते वाक्य नसलं तर कलम लागणार नाही ही भीती सगळ्यांनाच. मग कोर्टात बचावाचा वकील दहा फिर्यादी शेजारी शेजारी ठेवतो आणि म्हणतो, बघा, साचा! न्यायाधीशालाही साचा दिसतो. मोजमापानेच खोटं वाक्य लिहायला लावलं आणि मग त्याच वाक्यावरून फिर्याद खोटी ठरली. ज्यांना खोट्या फिर्यादी खरोखर कमी करायच्या आहेत, त्यांनी ‘ठाऊक असताना’चं स्वागत करायला हवं होतं, त्याखाली शिवीचं वाक्य रचायची गरजच उरत नाही.

हेतूच्या शोधाने न्यायालयाला किती लांब नेऊन सोडता येतं याचं पुण्यातलं उदाहरण आहे. जून २०१४ मध्ये हडपसरला जमावाने एका तरुण संगणक अभियंत्याला मारलं. तो मुसलमान होता, याखेरीज मारणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन आरोपींना जामीन देताना लिहिलं की त्यांचं मृताशी वैयक्तिक वैर नव्हतं, त्याचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरावी लागेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले. खटला मात्र जानेवारी २०२३ मध्ये सगळ्यांच्या सुटकेने संपला. आता हे दोन निकाल एकत्र वाचा. खैरलांजीत वैयक्तिक वैर सापडलं, म्हणून द्वेषाचा गुन्हा नाही. पुण्यात वैयक्तिक वैर सापडलं नाही, म्हणून आरोपी जामिनाला पात्र. वैर असलं तरी फायदा आरोपीला, नसलं तरी त्यालाच.

हा सगळा इतिहास समोर असताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने काय केलं? कलम १०३(२): पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम ‘कारणावरून’ खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. झुंडबळीला स्वतंत्र कलम मिळालं म्हणून टाळ्या वाजल्या. धर्म हा शब्द यादीत नाही, तो समुदाय किंवा श्रद्धेत शोधायचा. आणि ॲट्रॉसिटी कायद्यातून पंचवीस वर्षांनी बाहेर काढलेलं ‘कारणावरून’ पुढच्या दाराने आत आलं. या कलमाखालचा उलटतपास कसा चालेल हे आजच सांगता येईल. ‘हे म्हणणे खरे आहे की, गाडी पार्क करण्यावरून आधी बाचाबाची झाली होती.’ झालं. जमावाच्या हातात काठ्या होत्या, तोंडात घोषणा होत्या, पण वाद पार्किंगचा होता.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींच्या मंजुरीने महाराष्ट्र त्यात राज्यापुरती दुरुस्ती करू शकतो. शक्ती विधेयक हीच वाट धरून गेलं होतं, ते मंजुरीअभावी अडकलं ही वेगळी गोष्ट. १०३(२) ला एक स्पष्टीकरण जोडावं लागेल, फार लांब नाही: ‘या पोटकलमात नमूद कारणांपैकी कोणतेही कारण गुन्ह्यामागील अनेक कारणांपैकी एक असले तरी पुरेसे आहे, आरोपी व मृत यांच्यात जमीन, पैसा, रस्ता, वाहतूक वा अन्य बाबतीत पूर्वीचा वाद होता एवढ्यावरून असे कारण नव्हते असे मानले जाणार नाही, आणि जमावातील व्यक्तींना मृताची जात किंवा समुदाय ठाऊक होता असे सिद्ध झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, असे कारण होते असे न्यायालय गृहीत धरील.’ धर्म हा शब्दही तिथेच, यादीत, नावानिशी घालावा.